अंड्यातला भ्रूण वाढताना बघायचाय? नवीन लोकांसाठी पहिल्यापासून सगळं

कोंबडीच्या अंड्यात पिल्लू कसं घडत जातं ते बघायला मोठी लॅब लागते असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं काही नाही. बऱ्यापैकी इन्क्युबेटर, डिसेक्टिंग मायक्रोस्कोप, दोन बारीक चिमटे, एक छोटी धारदार कात्री, सलाइन आणि फलित अंडी, एवढ्यावर सुरुवात होते. इटालियन शास्त्रज्ञ रीटा लेव्ही-मोंटालचिनी यांना दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ज्यू म्हणून विद्यापीठात काम करायला बंदी होती, तेव्हा त्यांनी घरी बेडरूममध्येच लॅब मांडली, शिवणकामाच्या सुया घासून बारीक हत्यारं केली आणि कोंबडीच्या भ्रूणातल्या नसांवर काम चालू ठेवलं, आणि त्याच वाटेने पुढे जाऊन नसांची वाढ घडवून आणणारं प्रथिन, नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, सापडलं, १९८६ चं नोबेल मिळालं. म्हणून साधनं कमी आहेत म्हणून थांबू नका. नवीन लोकांचं अडतं ते दोनच ठिकाणी, अंडी कुठली आणली आणि बघताना घड्याळावर किती विश्वास ठेवला. दुसऱ्या मुद्द्यावर खाली सविस्तर लिहितोय, तो नीट वाचा.

आधी अंडी

किराणा दुकानातली अंडी चालत नाहीत. खायच्या अंड्यांसाठी ज्या कोंबड्या पाळतात त्यांच्यात कोंबडा नसतो, त्यामुळे ती अंडी फलितच नसतात, कितीही उबवा, काही होणार नाही. उबवणीची अंडी हवीत, म्हणजे हॅचरीतून किंवा कोंबडा बरोबर असलेल्या कळपातून. आणताना अंडी कधी घातलेली आहेत हे विचाराच. आठवड्याच्या आतली असतील तर उत्तम, त्यानंतर भ्रूण मरायचं प्रमाण वाढत जातं आणि जे जगतात तेही जरा मागे राहतात.

आणल्यावर लगेच ठेवायची नसतील तर टोकदार बाजू खाली करून १३ ते १८ अंश सेल्सिअसला ठेवा. साध्या फ्रिजमध्ये नको, तो फार गार. आणि उन्हाळ्यात खोलीत तशीच पडू देऊ नका, कारण साधारण २०-२१ अंशांच्या खाली वाढ थांबलेली असते, त्याच्या वर गेलं की ती हळूहळू, अर्धवट सुरू होते आणि असे भ्रूण नंतर वेडेवाकडे वाढतात. अंडी धुवू नका, टरफलावर बाहेरून एक पातळ संरक्षक थर असतो तो निघून जातो आणि छिद्रांतून बॅक्टेरिया आत शिरतात. फार घाण असलेलं अंडं सरळ बाजूला काढा.

प्रत्येक अंड्यावर पेन्सिलने नंबर टाका. मार्कर नको, शाई टरफलातून आत झिरपते.

एक गोष्ट लक्षात ठेवा, अंडं घातलं जातं तेव्हा भ्रूणाची सुरुवात होऊन गेलेली असते. अंडं कोंबडीच्या पोटात जवळपास २५ तास असतं, बहुतेक वेळ टरफल बनण्यात जातो, आणि तेवढ्यात आतल्या पेशीचे भाग होत होत हजारो पेशींची एक चकती तयार होते. खात्री करायची असेल तर एक ताजं अंडं फोडून बघा. बलकावर ३-४ मिलीमीटरचा गोल ठिपका असतो, कडेला स्पष्ट पांढरी कडी आणि मध्ये जरा पारदर्शक, असं असेल तर फलित. फलित नसलेल्या अंड्यात तो ठिपका लहान, भरीव पांढरा आणि कडा वाकड्यातिकड्या असतात. आणलेल्यातलं एखादं अंडं असं आधीच फोडून बघितलं की पुढचे दोन दिवस वाया जात नाहीत.

इन्क्युबेटर

अंडी ठेवायच्या निदान एक दिवस आधी चालू करून तापमान स्थिर होऊ द्या. पंखा असलेल्या इन्क्युबेटरमध्ये ३७.५ ते ३७.८ अंश. पंखा नसेल तर आत वर गरम आणि खाली गार असे थर पडतात, तेव्हा अंड्याच्या वरच्या पातळीला मोजून ३८.५ च्या आसपास ठेवा. मशीनवर दिसतो त्या आकड्यावर विसंबू नका, वेगळा थर्मामीटर अंड्याच्या उंचीवर ठेवून स्वतः बघा. थोडं कमी झालेलं तापमान भ्रूण बराच वेळ सोसतो, फक्त वाढ मंदावते. जास्त झालेलं सोसत नाही, एक-दोन अंश वर गेलं आणि तसंच राहिलं की विकृती दिसायला लागतात आणि मरही वाढते. म्हणून शंका असेल तर किंचित खालीच ठेवा.

आर्द्रता ५० ते ६० टक्के, एका पसरट भांड्यात पाणी ठेवलं की साधारण जमतं. पिल्लू बाहेर काढायचं असेल तर शेवटचे ३ दिवस ६५ ते ७५ टक्के.

आता अंडी फिरवायची का? खुडूक कोंबडी अंड्यांवर बसली की चोचीने ती सारखी हलवत असते, आणि २१ दिवस पूर्ण करायचे असतील तर तुम्हालाही दिवसातून निदान ३ ते ५ वेळा फिरवावी लागतील, १८ व्या दिवसापर्यंत, नाहीतर भ्रूण टरफलाच्या आतल्या पडद्याला चिकटतो. पण तुम्हाला फक्त पहिले तीन दिवसच बघायचे असतील, आणि नवीन माणसाने तेवढंच करावं असं माझं ठाम मत आहे, तर अंडी आडवी ठेवा, वरच्या बाजूला पेन्सिलने खूण करा आणि हात लावू नका. बलक आतल्या आत फिरतो आणि हलकी बाजू, म्हणजे भ्रूण असलेली बाजू, वर येते. मग उघडताना भ्रूण खुणेच्या खालीच सापडतो.

तास नको, सोमाइट मोजा

आता तो महत्त्वाचा मुद्दा. सगळीकडे २४ तासांचा भ्रूण, ३३ तासांचा, ४८ तासांचा, ७२ तासांचा असं लिहिलेलं असतं, प्रॅक्टिकलच्या स्लाइडवरही तेच लेबल, आणि नवीन माणूस घड्याळ लावून बरोबर ३३ तासांनी अंडं फोडतो आणि चित्रासारखं काही दिसत नाही म्हणून गोंधळतो. चूक त्याची नसते. कुठलं अंडं किती पुढे गेलेल्या अवस्थेत घातलं गेलं, किती दिवस साठवलं, आत ठेवताना किती गार होतं, ट्रेच्या कुठल्या कोपऱ्यात होतं, या सगळ्याने काही तासांचा फरक सहज पडतो, आणि पहिल्या दोन दिवसांत काही तास म्हणजे फार मोठा काळ आहे. एकाच ट्रेमधली, एकाच वेळी ठेवलेली अंडी उघडून बघा, एकसारखी निघत नाहीत.

म्हणून विक्टर हॅम्बर्गर आणि हॉवर्ड हॅमिल्टन यांनी १९५१ मध्ये वेगळी पद्धत दिली, भ्रूण कसा दिसतो त्यावरून ४६ अवस्था. आजही जगभर तीच वापरतात. पहिल्या तीन दिवसांत त्यातली सगळ्यात कामाची खूण म्हणजे सोमाइट. मज्जानलिकेच्या (म्हणजे जिच्यापासून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू बनतात त्या नळीच्या) दोन्ही बाजूंना जोडीने चौकोनी ठोकळे दिसतात ते सोमाइट, त्यांच्यापासून पुढे मणके, फासळ्या, अंगाचे स्नायू आणि पाठीच्या कातडीचा आतला थर बनतो. साधारण दीड तासाला एक जोडी वाढते, डोक्याकडून शेपटीकडे. म्हणजे भ्रूणाने स्वतःचं वय स्वतःच्या पाठीवर लिहून ठेवलेलं असतं, फक्त मोजायचं. ४ जोड्या म्हणजे ८ वी अवस्था, १० जोड्या म्हणजे १० वी, १६ म्हणजे १२ वी, २२ म्हणजे १४ वी. शेवटची अर्धवट बनलेली जोडी धरू नका. मोजताना उजेड खालून आणि जरा तिरका पाडला की ठोकळ्यांच्या कडा उठून दिसतात.

वहीत 'तास' आणि 'सोमाइट' असे दोन वेगळे कॉलम ठेवा, आणि दोन्ही जुळले नाहीत तर सोमाइट खरे.

काय दिसायला हवं

१८-१९ तासांच्या आसपास चकतीच्या मध्ये एक बारीक रेघ दिसते, प्रिमिटिव्ह स्ट्रीक, लांबी जेमतेम २ मिलीमीटर. वरवर काहीच घडत नाहीये असं वाटतं, पण पेशी या रेघेतून आत उतरत असतात आणि शरीराचे तीन थर इथेच बनत असतात. हे थर १८१७ मध्ये क्रिस्तियान पांडर यांनी कोंबडीच्या अंड्यातच पहिल्यांदा ओळखले. नवीन डोळ्यांना ही अवस्था अवघड जाते, इथून सुरुवात करू नका.

२४ तासांच्या पुढेमागे डोक्याची घडी उचललेली दिसते आणि पहिले सोमाइट येतात. मज्जासंस्थेचे दोन काठ वर येऊन एकमेकांकडे झुकायला लागतात.

३३ ते ३८ तास, सोमाइटच्या साधारण १० जोड्या, ही मात्र चुकवू नये अशी वेळ. मेंदूचे तीन फुगे, त्यातल्या पहिल्याच्या दोन्ही बाजूंना डोळ्यांचे फुगवटे, आणि डोक्याच्या खाली मध्यरेषेवर हृदयाची साधी नळी, किंचित उजवीकडे झुकलेली. या सुमाराला हृदय पहिल्यांदा हलायला लागतं. कोमट सलाइनमध्ये भ्रूण ठेवून मायक्रोस्कोपखाली शांतपणे बघत राहा, आधी वाटतं की पाणीच हललं, मग नळीच्या उजव्या कडेला एक आकुंचन येतं, थांबतं, बराच वेळ काही नाही, परत येतं. लय अजून लागलेली नसते आणि रक्त अजून फिरत नसतं, तरी ठोके सुरू. सलाइन गार झालं की ठोके मंदावतात, कोमट सलाइनचे दोन थेंब टाका, परत वेग येतो. हे बघितल्यावर पुढचं शिकायला कोणी सांगावं लागत नाही. बाहेरच्या धूसर भागात लालसर ठिपके दिसतील ते रक्ताची बेटं, रक्तपेशी तिथे बनतायत.

४८ तासांना डोकं एका बाजूला वळायला लागतं, भ्रूण हळूहळू डाव्या कुशीवर होतो, म्हणून वरून बघताना तुम्हाला त्याची उजवी बाजू दिसते. हृदयाची नळी वाकून वेटोळं झालेलं असतं आणि आता रक्त खरंच फिरतंय. बघताना मान वाकडी करून डावं-उजवं ठरवत बसू नका, आधी डोकं-शेपूट, मग पाठ-पोट, मग डावं-उजवं, या क्रमाने ठरवलं की चुकत नाही.

७२ तासांना सोमाइटच्या ४० च्या आसपास जोड्या, पण आता ते मोजण्यापेक्षा बाकी खुणा सोप्या. पंखांच्या आणि पायांच्या कळ्या, डोळ्यात फिकट रंग यायला लागलेला, गळ्याच्या बाजूला कमानी आणि फटी, भ्रूणाभोवती पाण्याची पिशवी म्हणजे अॅम्नियॉन, आणि बलकावर पसरलेलं लाल रक्तवाहिन्यांचं जाळं. अॅरिस्टॉटलने अंडी क्रमाने फोडून बघितली तेव्हा तिसऱ्या दिवशी त्याला रक्ताच्या ठिपक्यासारखं धडधडणारं हृदय दिसलं होतं, आणि त्याच्याकडे भिंगही नव्हतं. तुम्हालाही ७२ तासांना ते नुसत्या डोळ्यांनी दिसेल.

अंडं उघडायचं कसं

पहिल्यांदा करताना ४८ ते ७२ तासांचं अंडं घ्या, भ्रूण शोधावा लागत नाही. एका पसरट भांड्यात ३८ अंशांपर्यंत कोमट केलेलं सलाइन घ्या. ०.९ टक्क्याचं साधं सलाइन थोड्या वेळासाठी चालतं, जास्त वेळ जिवंत ठेवायचा असेल तर चिक रिंगर बनवा: १ लिटर पाण्यात ७.२ ग्रॅम सोडियम क्लोराइड, ०.३७ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, ०.१७ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड.

अंडं इन्क्युबेटरमधून काढताना आडवंच धरा, खूण वर. खालच्या बाजूने भांड्याच्या कडेवर हलकेच तडकवा, आणि सलाइनच्या पृष्ठभागाला लावून दोन्ही अंगठ्यांनी उघडा म्हणजे बलक अलगद उतरतो. वरून फोडलंत तर टरफलाची धारदार कड नेमकी भ्रूणावर येते आणि बलक फुटतो. बलक उतरल्यावर भ्रूण बाजूला गेला असेल तर वाट बघा, तो आपोआप वर येतो.

आता फिल्टर पेपरची कडी. जाडसर फिल्टर पेपरचा दोन-अडीच सेंटिमीटरचा तुकडा, मध्ये भ्रूणापेक्षा थोडं मोठं भोक. चमच्याने वरचं सलाइन कमी करा, बलकाचा वरचा भाग उघडा पडला पाहिजे, त्यावरचं चिकट पांढरं टिश्यू पेपरने टिपून घ्या, हे नीट केलं नाही तर कागद चिकटतच नाही. मग कडी अशी ठेवा की भ्रूण भोकाच्या बरोबर मध्ये येईल, अर्धा मिनिट थांबा, कागदाच्या बाहेरून कात्रीने गोल कापा. कापताना कात्रीचं टोक खोल घालू नका. चिमट्याने कागदाची एक कड धरून तिरकं, सावकाश उचला आणि दुसऱ्या डिशमधल्या स्वच्छ कोमट सलाइनमध्ये ठेवा, बलकाचे कण ड्रॉपरने हळूच धुऊन काढा. भ्रूण कागदावर ताणलेला, सपाट, मायक्रोस्कोपखाली ठेवायला तयार. लहान भ्रूणासाठीही हीच पद्धत, फक्त भोक लहान करा.

भ्रूण सापडतच नसेल तर एक जुना नियम कामाला येतो, फोन बेअर यांच्या नावाने ओळखतात तो: अंडं आडवं ठेवून बोथट बाजू आपल्या डाव्या हाताला घेतली तर बहुतेक अंड्यांत भ्रूण आडव्या रेषेला काटकोनात असतो, शेपूट आपल्याकडे, डोकं पलीकडे.

खिडकी पाडायची असेल तर

त्याच भ्रूणाला दिवसेंदिवस वाढताना बघायचं असेल तर टरफलात खिडकी पाडतात. दुसरा दिवस संपता संपता करा. उशीर केलात तर रक्तवाहिन्यांचे पडदे टरफलाकडे सरकून चिकटायला लागतात आणि कापताना रक्त येतं.

टरफल ७० टक्के अल्कोहोलने पुसा आणि वाळू द्या. बोथट टोकाला सुईने बारीक भोक पाडा, १८ गेजची सुई लावलेली सिरिंज तिरकी खालच्या दिशेने घालून ३ मिलीच्या आसपास पातळ पांढरं ओढून घ्या, म्हणजे बलक खाली बसतो आणि भ्रूण टरफलापासून सुटतो. सिरिंजमध्ये पिवळं आलं तर ते अंडं संपलं. भोक टेपने बंद. वरच्या बाजूला पारदर्शक टेप चिकटवा, टेपमुळे टरफलाचे तुकडे आत पडत नाहीत, आणि वाकड्या टोकाच्या कात्रीने टेपसकट लांबट गोल कापा, कात्री टरफलाला समांतर ठेवून. बघून झालं की खिडकी टेपने पूर्ण बंद करा, कुठेही फट नको, नाहीतर भ्रूण वाळतो. अशी अंडी नंतर फिरवायची नाहीत.

कोवळा भ्रूण पिवळ्यावर नीट दिसत नाही. त्यासाठी इंडिया इंक सलाइनमध्ये दहापट पातळ करून बारीक सुईने चकतीच्या कडेबाहेरून तिच्या खाली अगदी थोडी सोडतात, काळ्या पार्श्वभूमीवर सगळं उठून दिसतं. शेलॅक (लाख) नसलेलीच शाई घ्या, शेलॅकची भ्रूणाला मारते. हे हात बसल्यावर करा.

अंडं न उघडता बघायचं तर कँडलिंग. अंधाऱ्या खोलीत एलईडी टॉर्च बोथट टोकाला लावा. चौथ्या-पाचव्या दिवसापासून कोळ्याच्या पायांसारख्या रक्तवाहिन्या दिसतात. काहीच दिसत नसेल तर फलित नाही किंवा फार लवकर मेलंय, आणि लाल वर्तुळ दिसलं तर सुरुवातीला वाढून मग मेलंय, ते काढून टाका. पांढऱ्या टरफलाची अंडी याला जास्त सोपी.

जपून ठेवायचा असेल तर

४ टक्के फॉर्मल्डिहाइडमध्ये कागदासकट रात्रभर, मग धुऊन ७० टक्के अल्कोहोलमध्ये. फॉर्मल्डिहाइड हातमोजे घालून आणि फ्यूम हूडमध्येच, घरी अजिबात नको. कायमची स्लाइड करायची तर बोरॅक्स कारमाइनने रंगवून चढत्या अल्कोहोलमधून झायलीन आणि शेवटी डीपीएक्स (वरची काच चिकटवायचं द्रव्य), हे जवळच्या लॅबमध्ये कोणाकडून तरी बघून शिकलेलं बरं, वाचून हात बसत नाही.

फोटो काढाच पण त्याआधी पेन्सिलने चित्र काढा. चित्र काढताना कुठली रेघ कुठे जाते हे ठरवावंच लागतं आणि तिथेच कळतं की आपण काय बघितलंच नव्हतं.

स्वच्छता, परवानगी, आणि थांबायचं कुठे

अंड्यांवर साल्मोनेला असू शकतो. हात साबणाने, आधी आणि नंतर, टेबलावर खाणंपिणं नाही, आणि उबवलेलं अंडं कुठल्याही कारणाने खायचं नाही.

पहिल्या तीन-चार दिवसांच्या भ्रूणात वेदना जाणवेल इतकी मज्जासंस्था बनलेली नसते. पुढे मात्र गोष्ट बदलते, दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीकडे मेंदू काम करायला लागतो, आणि कित्येक ठिकाणी शेवटच्या टप्प्यातल्या भ्रूणांना प्राण्यांचे नियम लागू होतात. शाळा-कॉलेजमध्ये करत असाल तर सुरू करायच्या आधीच तिथल्या नीती समितीला विचारा, आणि पहिला आठवडा ओलांडायचा असेल तर अनुभवी माणूस बरोबर असल्याशिवाय नको. काम झालेली कोवळी अंडी टाकायच्या आधी फ्रीजरमध्ये पूर्ण गोठवा, मग पिशवीत बांधून तुमच्या लॅबच्या जैविक कचऱ्याच्या पद्धतीने टाका. जिवंत अंडं तसंच कचऱ्यात टाकायचं नाही.

आणि २१ व्या दिवसापर्यंत न्यायचं ठरवलंत तर अंडी ठेवायच्या आधीच ठरवा की पिल्लं कोण सांभाळणार, त्यांना पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंशांची ऊब कुठून मिळणार, आणि मोठी झाल्यावर ती कुठे जाणार. याचं उत्तर तयार नसेल तर ७२ तासांवर थांबा.